मोटारीची झळाळी कशी टिकवावी?

नवी मोटार दारात आली की घरात एक लहानसा सोहळाच होतो. चाकांखाली लिंबे ठेवली जातात, नारळ फुटतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. दुसऱ्या दिवशी ते वाळलेले कुंकू कोणीतरी कोरड्या फडक्याने खरवडल्यासारखे पुसून काढतो आणि मोटारीच्या अंगावर पहिले ओरखडे उठतात ते बहुधा तेव्हाच. त्या दिवशी ते दिसत नाहीत. सहा-आठ महिन्यांनी भर उन्हात मोटार उभी असता सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसू लागतात, आणि मग मालक कधी कारखान्याला, तर कधी शहरातील हवेला दोष देऊ लागतो.

ऊन, पाऊस व धूर यांनी रंगाचे नुकसान होते हे खरेच. तथापि, घरच्या मोटारीची झळाळी सर्वांत अधिक घालविते ती तिला स्वच्छ ठेवण्याची आपली पद्धत. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल; म्हणून मोटारीचा रंग म्हणजे नेमके काय असते, हे आधी पाहू.

आजच्या बहुतेक मोटारींवर रंगाचा एकच थर नसतो. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर अशी ही रचना असते. या शेवटच्या थराला कारागीर 'क्लिअर कोट' म्हणतात. सर्व थरांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांपैकी पारदर्शक थराचा वाटा ४०-५० मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाच्या डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर मोटारीची सारी चमक केसाहूनही पातळ अशा एका पापुद्र्यात साठविलेली असते असे म्हणावे लागेल. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच पापुद्र्यात असतात.

निवांत तळ्यात झाडाचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते, वाऱ्याने पाणी हलले की ते विस्कटते. रंगाचेही तसेच आहे. पृष्ठभाग जितका सपाट, तितकी चमक अधिक. ओरखड्यांनी तो सपाटपणा मोडतो. गंमत अशी की, सूर्याभोवती दिसणारे ते ओरखडे प्रत्यक्षात वर्तुळाकार नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले असतात. परंतु येणाऱ्या उजेडाला आडवे असलेले तेवढेच ओरखडे प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. वर्षानुवर्षे घासलेल्या स्टीलच्या ताटात दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. तेथेही हाच देखावा आढळेल.

मोटारीला झिलई देण्याची चाल या पारदर्शक थराहून पुष्कळ जुनी आहे. प्रारंभीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणे ब्रशाने रोगण देऊन रंगवीत आणि ते वाळून पुरते तयार होण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत द्यू पाँ कंपनीचे 'ड्यूको' नावाचे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर येऊ लागले. ते फवाऱ्याने देता येई, झटपट वाळे; मात्र वाळल्यावर त्याला पुरेसे तेज नसे, ते घासून आणावे लागे. घासावे आणि मेण लावावे, ही जोडी त्या काळी रूढ झाली. आपल्याकडे १९५७ ते २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसेडर, किंवा मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतलेली प्रीमिअर पद्मिनी, यांच्या पिढीतील साध्या रंगांवर बहुधा पारदर्शक थर नसे. अशा मोटारीला पॉलिश केले की फडक्यावर तिचाच रंग उतरे. तो पाहून घासणाऱ्याचा हात आपोआप थबकत असे. १९८० नंतरच्या दशकांत पारदर्शक थराची पद्धत सर्वत्र पसरली आणि ही सूचना मिळेनाशी झाली. थर आजही झिजतो. परंतु जे झिजते तेच पारदर्शक असल्यामुळे फडक्यावर काही दिसत नाही.

येथे शब्दांविषयी थोडे विषयांतर करावेसे वाटते. भाषांतराचे काम करणाऱ्यास या विषयात पहिली अडचण येते ती 'पॉलिश' या शब्दाची. बुटाचे पॉलिश म्हणजे मेणाचा लेप. फरशीचे पॉलिश म्हणजे दगड घासणे. कपाटाचे पॉलिश म्हणजे लाखेचे रोगण चढविणे. तिन्ही क्रिया भिन्न, नाव मात्र एकच. गॅरेजच्या पाटीवर 'वॉशिंग, पॉलिशिंग' एवढेच लिहिलेले असते, तेव्हा आपल्या मोटारीला लेप मिळणार की तिच्या अंगावरचा थर खरडला जाणार, हे गिऱ्हाइकास कळावे कसे? या लेखापुरते आपण घासण्याच्या क्रियेस झिलई म्हणू व मेणाच्या क्रियेस लेप. झिलईने काही काढले जाते. लेपाने काही चढविले जाते. मोटार गॅरेजमध्ये देताना यांपैकी काय करणार, हे अवश्य विचारून घ्यावे.

धुण्याची रीत

तीन क्रियांपैकी सर्वांत महत्त्वाची क्रिया धुण्याची होय, आणि नेमकी तीच आपण सर्वांत निष्काळजीपणे करतो. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. ते रंगाच्या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडे फडके फिरविले की हे कण फडक्याखाली सापडतात आणि खरकागदाप्रमाणे काम करतात. म्हणून धुण्याचे सारे शास्त्र एका गोष्टीभोवती फिरते : धूळ पृष्ठभागावरून फरपटत न नेता ती उचलून घ्यावयाची.

मोटार उन्हातून आणून लागलीच धुवू नये. पत्रा हाताला गार लागेपर्यंत ती सावलीत उभी करावी. अन्यथा साबण व पाणी जागीच वाळून डाग पडतात. प्रथम चाके धुवावीत, कारण त्यांवर ब्रेकमधून उडालेली लोखंडाची काळी भुकटी असते. चाकांची बादली, ब्रश व फडके कायमची वेगळी ठेवावीत. त्यानंतर सबंध मोटारीवर वरून खाली नुसते पाणी सोडावे. हात लावण्यापूर्वी जेवढी धूळ पाण्याने वाहून जाईल, तेवढी जाऊ द्यावी. पावसाळ्यात खालच्या भागावर वाळलेला चिखल असेल तर तो भिजवून दहा मिनिटे थांबावे.

यापुढे दोन बादल्या लागतात. एकीत मोटारीसाठी मिळणाऱ्या सौम्य शांपूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा अथवा मेंढीच्या लोकरीचा मऊ हातमोजा शांपूत बुडवून एक भाग धुवावा, मग तो मोजा साध्या पाण्याच्या बादलीत चांगला खळबळून पिळावा आणि नंतरच पुन्हा शांपूत घालावा. मळ दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसतो, मोटारीवर परत जात नाही. स्पंज शक्यतो टाळावा. त्याच्या सपाट पृष्ठभागावर कण अडकून राहतात, तर मोज्याच्या लांब धाग्यांत ते आत ओढले जातात. आरंभ टपापासून करावा. मग काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि चाकांलगतचा सर्वांत मळकट भाग अगदी शेवटी. हात गोल न फिरविता सरळ रेषेत चालवावा, दाब देऊ नये. भांडी घासण्याचे द्रव किंवा कपडे धुण्याची पूड वापरण्याची पुष्कळांना सवय असते. त्यांनी मळ निघतो, पण असलेला मेणाचा लेपही निघून जातो.

धुतलेली मोटार उन्हात आपोआप वाळू देणे ही आणखी एक सार्वत्रिक चूक होय. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. पाणी उडून जाते आणि क्षारांची पांढरी वलये मागे राहतात. ताजी असता ती पांढऱ्या व्हिनेगरात तितकेच पाणी घालून पुसल्यास बहुधा निघतात, व मग तो भाग स्वच्छ धुवावा लागतो. जुनी झाल्यास ती थरात खोल जातात. यास्तव शेवटचे पाणी शक्य असल्यास नळाचे किंवा साठविलेल्या पावसाचे घ्यावे, आणि जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पृष्ठभागावर अंथरून, दाबून, पाणी टिपून घ्यावे. दारांच्या कडा व डिकीच्या खाचा विसरू नयेत. फडके एकदा जमिनीवर पडले की ते धुतल्याखेरीज पुन्हा मोटारीला लावू नये. हा नियम कडक वाटला तरी तो पाळावा.

आता प्रश्न येतो तो रोज पहाटे मोटारी पुसणाऱ्या माणसाचा. दिल्ली, इंदूर, हैदराबाद, पुणे अशा कोणत्याही शहरातील वसाहतीत तो आढळतो. एक बादली, एक पिवळे फडके, आणि पहाटेच्या दोन-अडीच तासांत पुसावयाच्या दहा-पंधरा मोटारी. शेवटच्या मोटारीपर्यंत ते पाणी चहासारखे होते व तिच्या वाट्याला आधीच्या सर्व मोटारींची धूळ येते. ओरखडे दिसू लागताच मालक त्याच्यावर रागावतो. परंतु मोटार रोज पुसली गेलीच पाहिजे, ही अट त्याने घातलेली नाही; ती आपण घातली आहे, आणि एखादा दिवस चुकला तर महिन्याच्या पैशांतून कपात करण्याची भाषाही आपणच करतो. त्याला समजावून सांगावे की, पाच दिवस फक्त काचा व आरसे पुसावेत, रंगाला हात लावू नये. उरलेल्या दोन दिवशी भरपूर पाण्याने मोटार धुवावी. मेहनताना तोच ठेवावा. दोन मोजे व दोन टॉवेल आपल्या घरचे द्यावेत, ते आपल्याच मोटारीपुरते. कोणत्याही गॅरेजच्या एका झिलईच्या बिलापेक्षा हा खर्च कमीच भरेल.

पाण्याचाही विचार येथेच केला पाहिजे. रबरी नळीतून मिनिटाला १५ लिटर पाणी वाहते असे धरले, तर दहा मिनिटांत १५० लिटर पाणी जाते. दोन बादल्यांच्या रीतीत हे काम, वरून ओतावयाचे पाणी धरूनही, ५० लिटरांच्या आत होते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या जलमंडळाने मोटारी धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली व उल्लंघनास ५,००० रुपये दंड ठरविला. टंचाईच्या दिवसांत मोटार मळकट राहिली तर बिघडत नाही. मळकट मोटारीवर फडके फिरविले तर बिघडते. हलकी धूळ असल्यास थोड्याशा पाण्यात मिसळून वापरण्याची, पुन्हा खळबळावी न लागणारी द्रव्येही आता मिळतात. त्यांनी एका बादलीत काम भागते.

काही डाग मात्र धुण्याच्या दिवसाची वाट पाहू देत नाहीत. पक्ष्यांची विष्ठा हा त्यांतला सर्वांत उपद्रवी. उन्हाने तापलेला थर किंचित मऊ होतो, वर वाळत चाललेल्या विष्ठेच्या आकारात बसतो, आणि गार झाला की तो ठसा कायम राहतो. ओले फडके पाच मिनिटे तिच्यावर ठेवून ती अलगद उचलावी. तळघरातील वाहनतळात छताच्या भेगांतून ठिबकणारे चुनामिश्रित पाणी असेच घातक असते; तेथे मोटार उभी करण्याची जागाच बदलावी. कोकणातील व गोव्यातील तांबडी धूळ पांढऱ्या मोटारीच्या कोपऱ्यांत घट्ट बसते, आणि किनाऱ्यावरचे खारे वारे पत्रा उघडा पडेल तेथे गंज चढवितात. समुद्रावरून परतल्यावर मोटारीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुणे अगत्याचे आहे. दसऱ्याला झेंडूचे तोरण बांधतो ते तारेने न बांधता दोऱ्याने बांधावे, आणि हळदी-कुंकू पाण्यानेच भिजवून काढावे. पांढऱ्या रंगावर हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर घाबरू नये. उन्हात तो बहुधा आपोआप फिका होत जातो. चमक यावी म्हणून रॉकेल किंवा डिझेल फिरविण्याची जुनी सवय मात्र सोडावी. तेलकटपणावर धूळ अधिक चिकटते आणि खिडक्यांची रबरे खराब होतात.

स्वच्छ धुतलेल्या मोटारीवर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवून पाहावा. पृष्ठभाग खरखरीत लागला तर धुण्याने न गेलेले काही तेथे रुतलेले आहे. लोहमार्गालगत उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या मोटारींवर तपकिरी ठिपके दिसतात, ती रुळांची व ब्रेकची लोखंडी भुकटी होय. त्यासाठी मिळणारे द्रव फवारले की ते लोखंडाशी संयोग पावून जांभळे होते. मग धुऊन टाकावे. उरलेला खरखरीतपणा, कुंभाराच्या मातीसारख्या मऊ अशा 'क्ले'च्या वडीने भरपूर साबणपाणी लावून, निघतो. वडी जमिनीवर पडल्यास ती सरळ फेकून द्यावी.

झिलई

झिलईच्या द्रव्यात अतिसूक्ष्म घर्षक कण असतात. ते ओरखडा भरून काढीत नाहीत. त्याच्या सभोवतालचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. म्हणजेच एक ओरखडा घालविण्यासाठी आपण सबंध थर पातळ करीत असतो. पारदर्शक थराच्या जाडीचा हिशेब येथे आठवावा. दर दोन-तीन महिन्यांनी 'रबिंग' करून घेणारा मालक आपल्या मोटारीची सेवा करीत नसून तिचे आयुष्य खर्चीत असतो.

ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा झिलईने जाणार नाही, त्याच्या मागे लागू नये. नख न अडकल्यास प्रथम सर्वांत सौम्य द्रव्य, मऊ पॅड आणि वीतभर जागा घेऊन प्रयोग करावा. तेवढ्याने भागले तर तीव्र द्रव्याकडे वळू नये. यंत्रे दोन प्रकारची असतात. एकाची चकती फक्त गोल फिरते. ते वेगाने काम करते, पण एका जागी रेंगाळले तर रंग तापवून जाळते. दुसऱ्याची चकती फिरता फिरता डोलतेही; नवशिक्याने हेच घ्यावे. बॉनेटच्या घड्या व दारांच्या कडा येथे रंग मुळातच पातळ असतो, तेथे चिकटपट्टी लावून ठेवावी. चांगला कारागीर हात लावण्यापूर्वी थराची जाडी मोजणारे लहानसे यंत्र जागोजागी टेकवून पाहतो. ज्या दुकानात असे यंत्र नाही, तेथे मोटार यंत्रावर घासून घेण्याची घाई करू नये.

मेणाचा लेप

लेपाचे काम चमक निर्माण करणे हे नव्हे. धुण्याने व झिलईने आलेली चमक राखणे हे होय. या कामी प्रसिद्ध असलेले कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवर तयार होते. कोरड्या हवेत पानांतील पाणी उडून जाऊ नये म्हणून वृक्षाने केलेली ती सोय. पाने तोडून वाळवितात, बडवितात आणि झडलेली भुकटी वितळवून मेण काढतात. नैसर्गिक मेणांत ते अत्यंत कठीण मानले जाते. ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला ते वितळते. डबीत अर्थातच ते शुद्ध नसते, इतर मेणे व तेले मिसळून ते लावण्याजोगे केलेले असते.

मोटार स्वच्छ, कोरडी व सावलीत असावी. मऊ पॅडवर अगदी थोडे मेण घेऊन एकेका भागावर पातळ पसरावे. जाड लावल्याने काही अधिक मिळत नाही, पुसताना मात्र हात दुखतात. धुरकट पापुद्रा दिसू लागला की स्वच्छ मायक्रोफायबरने हलकेच पुसावे. काळ्या प्लास्टिकच्या भागांना मेण लागू देऊ नये. ते वाळून पांढरट होते व सहजी निघत नाही. आपल्याकडील उन्हाळ्यात हा लेप फार तर दोन महिने टिकेल. पाऊस पडत असता बॉनेटकडे पाहावे. पाण्याचे गोल मणी होत असतील तर लेप शाबूत आहे. पाणी चपटे पसरत असेल तर तो गेला. जूनच्या पहिल्या सरीपूर्वी एकदा व दिवाळीच्या सुमारास एकदा एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ झाले.

कृत्रिम पॉलिमरचे लेप याहून अधिक महिने राहतात. 'सिरॅमिक' म्हणून जो महागडा लेप सांगितला जातो, तो सिलिकायुक्त द्रव्याचा असून नीट लावल्यास दोन-तीन वर्षेही टिकू शकतो. मळ त्याला कमी धरतो, हे खरे. परंतु त्यावर ओरखडा उठतच नाही, असे विक्रेता सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. कोरडे फडके त्याच्यावरही आपले काम करतेच. शिवाय लेपापूर्वी ओरखडे झिलईने काढले नसतील, तर ते त्याच्याखाली जसेच्या तसे दिसत राहतात.

टपावर अथवा बॉनेटवर पांढुरके, सोलल्यासारखे चट्टे दिसू लागले, तर मात्र पारदर्शक थर तेथे संपला असे समजावे. त्यावर कोणतीही झिलई किंवा मेण चालत नाही. मेणाने चट्टा दोन दिवस झाकतो आणि पुन्हा उघडा पडतो. तो भाग नव्याने रंगविणे एवढाच उपाय उरतो. रंग देणाऱ्यास मोटारीच्या पाटीवरील रंगाचा संकेतांक दाखवावा, आणि शेजारच्या भागाशी रंग जुळतो की नाही हे दिव्याखाली न पाहता दिवसाच्या उजेडात पाहून घ्यावे. नव्या रंगातील द्रावक पुरते उडून जाण्यास वेळ लागतो. म्हणून त्यानंतर निदान दीड-दोन महिने त्या भागास मेण लावू नये. साध्या पाण्याने धुण्यास हरकत नाही.